घडी मोडलेला रविवार

लग्नसराईतला रविवार, संध्याकाळचे पावणेसहा. लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या एका मोठ्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, पांढऱ्या गादीसमोर वहिनी आणि मी दीड तास बसून होतो. भाच्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं आणि मानपानाच्या साड्या अजून बाकी. समोरची मुलगी एकेक घडी उलगडत होती, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत होती, बाजूला सारून दुसरी घेत होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. साडी धरताना तिची बोटं मला जरा वेगळी वाटली. टोकं आत वळवलेली आणि काठ मधल्या पेरांच्या चिमटीत पकडलेला. वाटलं, बोट कापलंय की काय. मग कधीतरी हात उलटा झाला आणि दिसलं, नखांच्या कडांना आणि बोटांच्या चिरांत पिवळाधम्मक रंग. साडीला लागू नये म्हणून ती बोटं मुडपून काम करत होती. "कुणाची गं हळद?" मी सहज विचारलं. "बहिणीची, ताई. आज दुपारी लग्न झालं तिचं." वहिनीचा हात साडीवरच थांबला. "आज? आणि तू इथे?" त्यावर ती पुढची घडी उलगडत म्हणाली, "करवली मीच होते. करा घेऊन मागं उभी राहिले, मंगलाष्टकं झाली, दोन घास खाल्ले आणि आले. शुक्रवार-शनिवार दिली होती सुट्टी. सीझनचा रविवार नाही देत कुणालाच. खाडा केला तर दोन दिवस कापतात." आवाजात तक्रार नव्हती. पावसाची बातमी सांगावी तसं तिनं ते सांगितलं. "ही बघा, हिचा काठ मोरपंखी आहे." मग कॅश काउंटरच्या वरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली. "सहाला पाठवणी आहे," ती म्हणाली. आम्हाला उद्देशून म्हणाली असं वाटलं नाही.

त्यानंतर आम्ही आणखी अकरा साड्या पाहिल्या.

हे अकरा मला नंतर आठवले, रात्री, अंथरुणावर पडल्यावर. तेव्हा उठणं शक्य होतं. 'चार झाल्या, बास' म्हणून बिल करता आलं असतं. अर्थात आम्ही उठलो असतो तरी तिला कुणी सोडलं नसतं, मागे तिघीजणी गादीवर जागा कधी होते याची वाट बघत उभ्या होत्या. तरीही आम्ही उठलो नाही, हे खरं. जिना उतरताना मी वळून पाहिलं. तिच्यापुढे पंचवीस-तीस साड्यांचा ढीग होता आणि ती गुडघ्यांवर बसून, हनुवटीखाली काठ धरून, एकेकीची घडी घालत होती. खाली रस्ता माणसांनी फुलला होता. रिक्षात वहिनी म्हणाली, "बिचारी." मीही म्हटलं, "हो ना, बिचारी." आणि मग वाटेत थांबून आम्ही आईस्क्रीम खाल्लं.

मी बँकेत नोकरी करते. आम्हाला रविवार तर आहेच, २०१५ पासून महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवारही मिळतो. बाकीचे दिवस घरी यायला सात वाजतात. तेव्हा कुकरची रिंग असो, मुलाचे बूट असोत की मानपानाच्या साड्या, माझी सगळी खरेदी रविवारी होते. रविवारी सगळी दुकानं बंद राहिली तर नोकरी करणाऱ्या बाईनं संसाराचं सामान आणायचं कधी, असा वाद मी स्वतः ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर तावातावानं घातलेला आहे. तो अजूनही मला चुकीचा वाटत नाही. पण आता तो वाद घालताना ती मुडपलेली बोटं मध्ये येतात. शिवाय मी दुकानदाराची मुलगी. रविवारच्या गल्ल्यावर आमचं घर चाललं, हे मी कसं विसरू?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. अकरा फळ्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा. रात्री एक नंबरपासून लावत जायचं, सकाळी अकरा नंबरपासून काढत यायचं. क्रम चुकला तर शेवटची फळी खाचेत बसायचीच नाही. गावचा आठवडी बाजार रविवारी. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसं पहिल्या एसटीनं यायची, काही बैलगाड्यांनी, आणि सहा वाजताच अण्णांच्या फळ्या निघायच्या. इतर घरांतले बाप रविवारी घरी असत. आमचे अण्णा रविवारी अकरा फळ्यांच्या आत असत, पहाटेपासून रात्री नऊपर्यंत.

पण रविवारी आम्हाला शाळा नसायची. म्हणजे दादा आणि मीही दुकानात. ज्वारीच्या पोत्यावर माझी जागा ठरलेली होती. रद्दीच्या कागदाचे चौकोन फाडायचे, पुडे बांधायचे, वर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढून दोन वेढे द्यायचे आणि बोटाला गुंडाळून एका झटक्यात तोडायचा. तो झटका मला दोन वर्षांनी जमला. तोपर्यंत बोटाला दोऱ्याचे वळ असायचे. अण्णा गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, तराजूतली डाळ कागदावर ओतायचे. मी पुडा बांधून होईपर्यंत त्यांचा तोंडी हिशेब झालेला असायचा. "तेरा पाचे?" ते मध्येच विचारायचे. "पासष्ट." "मोठ्यानं." "पासष्ट!" गिऱ्हाईक हसायचं. हिंग, गोडेतेल, गोणपाट आणि गुळाच्या ढेपेचा एक मिळून वास होता, तो त्यांच्या सदऱ्याला होता, संध्याकाळपर्यंत माझ्याही फ्रॉकला लागायचा. दुपारी आई मागच्या दारानं भाकरी आणायची. आम्ही आळीपाळीनं जेवायचो, अण्णा उभ्यानंच. तोंडात घास असताना कुणी 'पावशेर शेंगदाणे' म्हटलं की हात धुऊन परत तराजू. मला आज विचाराल तर अण्णा मला सगळ्यांत जास्त रविवारी मिळाले, दुकान उघडं होतं म्हणून मिळाले. आकड्यांची भीती माझ्या मनात कधी आली नाही, ती त्या पोत्यावर बसल्यामुळे.

त्यांची सुट्टी सोमवारी. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'साप्ताहिक सुट्टी : सोमवार'. तेव्हा १९४८ चा दुकानांचा कायदा होता आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणं सक्तीचं. शॉप इन्स्पेक्टर महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर टाकायचा, त्याची धास्ती होती. अण्णा अकरा नंबरची एकच फळी काढून आडवे होऊन आत शिरायचे, ती पुन्हा ओढून घ्यायचे आणि फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत उधारीची वही पुरी करायचे. कुणाकडे अचानक पाहुणे आले तर मागच्या दारानं साखरही द्यायचे. ते झालं की घरी येऊन ओसरीवर बसायचे. आम्ही शाळेत, आई नदीवर धुणं घेऊन गेलेली, शेजारपाजारचे पुरुष कामावर. पाचला शाळा सुटायची आणि फाटकाबाहेर सायकल धरून अण्णा उभे असायचे. इतर कुणाचे वडील येत नसत. मुली कुजबुजायच्या, "तुझे अण्णा आलेत बघ." मला लाज वाटायची. त्यांच्या चुरगळलेल्या पायजम्याची, हिंगाच्या वासाची, ते माझं दप्तर सायकलच्या हँडलला अडकवून न बोलता सोबत चालायचे त्याची. एकदा मी सांगूनही टाकलं, "नका येत जाऊ, मी येते मैत्रिणींबरोबर." पुढच्या सोमवारी ते आले नाहीत.

मी त्यांना 'या' असं पुन्हा कधी म्हटलं नाही.

अख्खा सोमवार रिकाम्या घरात काढून एक माणूस पाच वाजायची वाट बघत असे, हे मला कळायला माझ्या वयाची पंचेचाळीस वर्षं जावी लागली. सुट्टी त्यांना होती. त्या सुट्टीत त्यांना भेटायला घरी कुणी नव्हतं. आणि आईला तर रविवारही नव्हता, सोमवारही नव्हता. बाजाराच्या दिवशी वाडीवरचे नातलग पिशव्या टाकायला, पाणी प्यायला, जेवायला आमच्याच घरी. रविवारी ती चाळीसेक भाकऱ्या थापायची. तिची साप्ताहिक सुट्टी कुठल्याच पाटीवर नव्हती.

रविवार आपल्याकडे आपोआप आलेला नाही, हे शाळेत एका ओळीत शिकवलं होतं. तेव्हा ती ओळ मार्कांपुरती होती. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिरावांचे सत्यशोधक सहकारी. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्या लिहून दिल्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असाही आधार त्यामागे सांगितला जातो. जेजुरीला कुळधर्म असलेल्या माणसाला तो लगेच पटावा असाच आहे. पुढे सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर १० हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मला त्या दोघी राहून राहून आठवतात. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या त्या बाया, भर मैदानात, पुरुषांच्या गर्दीपुढे उभं राहून एक दिवस मागतात. आणि मिळाला तो कसा, तर सगळ्यांना एकाच दिवशी मिळाला. त्या दिवशी भोंगा कुणालाच बोलावत नव्हता. नवरा-बायको दोघंही गिरणीत असतील तरी दोघं घरी, शेजारी घरी, गावाकडून आलेला भाऊ घरी. लेझीम, भजन, भांडणं, मटण, सगळं त्या एका दिवसात.

आता २०१७ चा नवा कायदा आहे. त्यानं दुकानाला आठवड्याचे सातही दिवस उघडं राहायची मोकळीक दिली आणि कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी दिली. आधी सुट्टी दुकानाला होती, आता माणसाला आहे. कागदावर हे मला बरंच वाटतं. जुन्या काळी दुकान सोमवारी बंद असलं तरी 'माल लावायचा आहे' म्हणून नोकराला मागच्या दारानं बोलावणारे मालक मी पाहिले आहेत. पण माणसाची सुट्टी कुठल्या वारी, ते दुकान ठरवतं. रविवारी गर्दी, म्हणून रविवार सोडून. मग एकीला मंगळवार, दुसरीला बुधवार, तिच्या रिक्षा चालवणाऱ्या नवऱ्याला त्याच्या सोयीचा, पोरांना शाळेचा रविवार. घरातल्या चार माणसांना चार सुट्ट्या आणि चौघं मिळून एकही नाही.

आमच्या इमारतीत भाड्यानं राहणारी एक मुलगी मॉलमध्ये कपड्यांच्या विभागात आहे. तिला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "काकू, रविवारी सेल जास्त, इन्सेंटिव्ह रविवारीच सुटतो. रविवार काढून घेऊ नका आमचा." मी गप्प बसले. तिचं लग्न व्हायचंय, गावाकडे धाकटा भाऊ शिकतोय, तिला पैसे हवेत. तिचा हिशेब ती माझ्यापेक्षा चांगला जाणते. पण मग तिनंच चपला घालता घालता सांगितलं, की दोन वर्षांत तिनं एकाही मैत्रिणीचं केळवण केलेलं नाही. सगळी केळवणं रविवारी असतात.

माझ्या मावसबहिणीची मुलगी जर्मनीत, स्टुटगार्टला असते. तिथे रविवारी स्टेशनवरची, पेट्रोल पंपावरची आणि काही तास उघडणारी बेकरी सोडली तर दुकान उघडं मिळणं मुश्कील. काचेच्या रिकाम्या बाटल्या पेटीत टाकायलाही रविवारी मनाई, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय, की रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्यानं जपला जाईल. १९१९ च्या घटनेतलं हे कलम त्यांनी पुढच्या घटनेतही तसंच ठेवलं. मला हे फोनवर ऐकून भरून आलं होतं. दुकानांची वेळ ठरवताना 'मन' हा शब्द कुणी कायद्यात लिहितं! पण तिचा स्वतःचा तिथला पहिला रविवार वेगळाच गेला. शनिवारी सामान आणायचं राहून गेलं, घरात फक्त तांदूळ. मेतकूट-भात खाऊन ती दुपारी बाहेर पडली तर रस्ते सामसूम. कुटुंबं बागेतून फिरत होती, आजी-आजोबा बाबागाड्या ढकलत होते, आणि ती बंद काचांमधले पुतळे बघत चालत राहिली. "मावशी, एखादं दुकान उघडं असतं ना, तर निदान कुणाशी दोन शब्द बोलले असते," ती म्हणाली होती. हेही माझ्या मनातून जात नाही. बंद रविवार ज्याला घर आहे त्याचा. एकट्या माणसाला उघड्या दुकानाचा दिवासुद्धा सोबत असतो. तिला आता मूल झालंय आणि रविवारी फोन केला तर ती उचलत नाही. त्यांचा तो दिवस त्यांचा असतो. मीही करत नाही.

तर मग काय करावं? मी काही कायदा करणारी नाही, पण मला जे वाटतं ते वाटतं. कोपऱ्यावरचा किराणावाला स्वतःच्या दुकानात रविवारी बसतो, त्याची पोर काउंटरमागे गृहपाठ करते, बायको मध्येच चहा आणून देते. त्याला कुणी बंद कर म्हणू नये. तिथे दुकान हेच घर आहे, मी त्या घरात वाढले. पण दुसऱ्या मजल्यावरच्या त्या पांढऱ्या गादीपाशी कुणाची पोर पोत्यावर बसू शकत नाही. तिथे फोनसुद्धा खालच्या लॉकरमध्ये ठेवून वर जावं लागतं. अशा दुकानांत महिन्यातून निदान दोन रविवार पाळीपाळीनं प्रत्येकीला मिळावेत, आणि ते मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्यानंच लिहून द्यावेत. घरातलं लग्न, घरातलं मरण, यासाठीची रजा सीझन बघून ठरू नये. रविवारी संध्याकाळी पाचला दुकान मिटवलं तर पाच-नंतरची गिऱ्हाइकं चारला येतील. आम्ही येऊ. सवय लागते. दुपारी बंद असलेल्या दुकानांची सवय पुण्यानं पिढ्यान्‌पिढ्या ठेवलीच होती की, त्यावाचून कुणाचं लग्न अडलं नाही. मी माझ्यापुरतं एवढं ठरवलंय, की रविवारी दुपारनंतर मी कुणालाही घडी मोडायला लावायची नाही. त्यानं जग बदलत नाही, ठाऊक आहे.

साड्या घरी आणून दोन दिवस तशाच पिशवीत होत्या. मंगळवारी सकाळी वहिनी हळदी-कुंकू लावून नावं घालायला बसली तेव्हा एका साडीच्या आतल्या घडीवर, काठापासून चार बोटं वर, फिकट पिवळा ठसा दिसला. अंगठ्याचा. इतकं जपूनही एकदा तिचं लक्ष चुकलं होतं. कदाचित घड्याळाकडे बघताना. "बदलून देतील, बिल आहे," वहिनी म्हणाली. देतील, पण कुणाच्या पगारातून, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, ही राहू दे, मला आवडली आहे, चुलतसासूबाईंना दुसरी आणते. ऑफिसमधून लवकर निघून मी त्या दुकानात गेले. दुसरा मजला जवळजवळ रिकामा होता. गादीवर दुसरीच मुलगी होती. "रविवारी होती ती?" मी विचारलं. "तिची आज सुट्टी असते." मंगळवार, दुपारचे साडेतीन. बहीण सासरी. मांडव उतरवलेला. घरी कोण असेल, मी विचारलं नाही. पहिली दाखवली तीच साडी घेतली आणि निघाले.

भाच्याच्या लग्नात मी तीच नेसले, ठसा निऱ्यांच्या आत घेऊन. तोही रविवारच होता. उन्हं उतरली तशी नवरीकडची माणसं कार्यालयाच्या दारात जमू लागली. गाडीला फुलं लावलेली होती, आमच्याकडची मंडळी घाई करत होती. नवरीची धाकटी बहीण तिच्या गळ्यात पडून हुंदके देत होती, पदर धरून ठेवत होती, सोडवलं की पुन्हा बिलगत होती. कुणीतरी म्हणालं, "पुरे आता, निघू दे तिला, उशीर होतोय." मी म्हटलं, "राहू दे. घ्या जरा वेळ." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला दहा कमी होती.